काका मास्क लावत नाहीत. मंडळाने काय करायचं?

प्रश्न इंदूरच्या एका छोट्या मराठी मंडळाच्या चिटणीस ताईंचा आहे. थोडक्यात असा: २०२१ साली रथसप्तमीच्या सुमारास मंडळाने मोजक्या लोकांत हळदीकुंकू आणि एक गाण्याचा कार्यक्रम ठेवला. दारावर पाटी होती, मास्कशिवाय प्रवेश नाही. मंडळाच्या संस्थापकांपैकी एक काका मास्क न लावता आले, लावायला साफ नकार दिला, शब्दाला शब्द वाढला. त्या भांडणातून दोन घरांचं बोलणं आजही बंद आहे. आता ताई विचारतात, पुन्हा असं संकट आलं तर अशा लोकांचं काय करायचं? सभासदत्व रद्द करायचं, दारातून परत पाठवायचं, की सोडून द्यायचं? आणि शिकली-सवरलेली माणसं असं वागतातच कशी?

मी छातीरोगाचा डॉक्टर. इंदूरमध्ये टीबी आणि दम्याचे पेशंट बघण्यात तीस वर्षं गेली. ‘मास्क लावा’ हे मी कोरोनाच्या कितीतरी आधीपासून दिवसातून वीसदा म्हणत आलोय, आणि ते न ऐकणारेही तेव्हापासूनच भेटताहेत. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: सभासदत्व रद्द करू नका, पाटी काढून टाका, दारात काकांच्या वयाचं माणूस उभं करा, आणि कार्यक्रम गच्चीवर घ्या. का, ते पुढे.

आधी एका टीबीच्या पेशंटचं सांगतो. मालवा मिलकडचा तरुण, कपड्याच्या दुकानात नोकरीला. थुंकीत जंतू सापडले होते. ओपीडीत यायचा तेव्हा तोंडावर मास्क अगदी व्यवस्थित. एकदा मी खिडकीतून पाहिलं, फाटकाबाहेर पाऊल पडताच त्याने मास्क काढून खिशात घातला. पुढच्या वेळी मी चांगलाच तापलो. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, “डॉक्टर साब, बहन का रिश्ता चल रहा है. मुंह पे ये बांध के गली में गया तो सबको पता चल जाएगा.” त्याला जंतू कळत होते, संसर्ग कळत होता, माझ्यापेक्षा त्याला त्याची गल्ली जास्त कळत होती. तोंडावर निळं कापड म्हणजे कपाळावर ‘टीबी’ लिहून फिरणं.

उपाय आमच्या नर्सबाईंनी काढला. आपल्या इंदूरात मुली स्कूटरवर बसल्या की डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळतात, पुरुष गमछा बांधतात. धूळ आणि ऊन. त्याकडे कुणी वळूनही बघत नाही. बाई म्हणाल्या, मास्क खाली लाव आणि वरून गमछा बांध, कुणी विचारलं तर दुकानातल्या धुळीची ॲलर्जी सांग. त्याने तसं केलं. औषधं नीट घेतली की टीबीचा माणूस पहिल्या काही आठवड्यांतच पुष्कळ कमी संसर्ग पसरवू लागतो, तेवढा काळ निभावून गेला. बहिणीचं लग्न झालं, पेढे घेऊन आला. मी ओरडून जे साधलं नव्हतं ते गमछ्याने साधलं, आणि माझ्या डिग्रीचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

तर ताई, ज्या शहरात अर्ध्या बायका रोज तोंड बांधून फिरतात त्या शहराला तोंडावर कापड नको असतं असं म्हणता येत नाही. कापड कुणासमोर आहे, आणि ते समोरच्याला काय सांगतं, यावर सगळं अडतं.

२०२० आणि २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी एक दृश्य पाहिलं. स्कूटरवाल्याचा मास्क हनुवटीवर. चौक आला, पोलीस दिसला, मास्क वर. चौक ओलांडला, मास्क खाली. हाच माणूस आतेबहिणीच्या घरी बारशाला पोहोचतो आणि दारातच मास्क काढून खिशात घालतो, “आता काय, घरचेच तर आहोत.” आत मोजून एक खोली. पंखा चालू, खिडक्या बंद कारण बाळाला वारा लागेल. तीस माणसं, तीन तास, सगळे एकाच वेळी आणि मोठ्याने बोलणारे. दुसऱ्या लाटेत मी पेशंटना विचारायचो, कुठे गेला होतात? ठरलेलं उत्तर यायचं, “कुठेच नाही हो डॉक्टर, फक्त घरचंच एक कार्य होतं.”

हवेतून पसरणाऱ्या रोगाला नातं कळत नाही. उघड्या रस्त्यावर, चालत्या स्कूटरवर, मास्कचा उपयोग सगळ्यात कमी. बंद खोलीत, बराच वेळ बसण्यात, गाण्यात आणि जोरजोरात हसण्यात तो सगळ्यात जास्त. आपण नेमकं उलटं केलं, आणि माझ्या मते यात लोकांइतकाच वाटा कारवाईच्या पद्धतीचा आहे. चालान रस्त्यावरच फाडता येतं, बारशात फाडता येत नाही. त्यामुळे लोकांच्या मनात पक्कं बसलं की मास्क ही पोलिसाला दाखवायची गोष्ट आहे, हेल्मेटसारखी. आणि जी वस्तू पोलिसासाठी लावायची ती सख्ख्या माणसांसमोर लावली की त्यांचा अपमान वाटतो. तुमच्या काकांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने सतरंज्या घालून ज्या मंडळाची पहिली बैठक भरवली असेल, त्याच मंडळाच्या दारात त्यांना ‘प्रवेश नाही’ अशी पाटी दिसली. मी त्यांची बाजू घेत नाहीये. पण तिथे भांडण मास्कवरून झालं असं मला वाटत नाही.

आता ‘शिकलेली माणसं असं का वागतात’ याबद्दल. शिक्षणाचा आणि मास्कचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, साठेक हजार माणसं गेली. चीन सरकारने डॉ. वू लिएन-तेह यांना हार्बिनला पाठवलं. पेनांगला जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले, वय तिशीच्या आसपास. त्यांनी शवविच्छेदन करून सांगितलं की हा प्लेग उंदरांच्या पिसवांवाटे येत नसून माणसाच्या श्वासातून माणसाला होतोय, आणि कापूस व जाळीदार कापडाच्या घड्यांचा मास्क सगळ्यांना लावायला सांगितला. तिथे मेस्नी नावाचे वयाने आणि अनुभवाने मोठे फ्रेंच डॉक्टर होते. त्यांना हे पटलं नाही. एका तरुण चिनी डॉक्टरने आपल्याला शिकवावं हे तर मुळीच पटलं नाही. ते मास्कशिवाय प्लेगच्या वॉर्डात गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगनेच दगावले. मास्क नाकारणाऱ्यांच्या इतिहासातला माझ्या माहितीतला पहिला मोठा माणूस हा असा: अडाणी नव्हे, प्रोफेसर. त्यांना आड आला तो मान. तुमच्या काकांच्या बाबतीतही मी मान या खात्यातच आधी शोध घेईन.

पण फक्त तिथेच नाही. ‘का लावत नाही?’ हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा तो प्रश्न नसतो, ठपका असतो. खरोखर विचारून बघा, उत्तरं ऐकण्यासारखी असतात. माझ्याकडे एक आजी यायच्या, रामबागेतल्या. दम्याच्या जुन्या पेशंट, औषधं वेळेवर, पथ्य कडक. मास्क मात्र नाही म्हणजे नाही. लावायच्याच नाहीत, आणि सुनेनेही समोर मास्क लावला की चिडायच्या. घरचे म्हणाले, म्हातारपणी हट्टी झाल्यात. एकदा मी फाइलमध्ये मान घालून काहीतरी विचारलं, आजी गप्प. मान वर करून तेच विचारलं, मीही मास्क लावलेला होता, तरी गप्प. मग मी लांब सरकून मास्क खाली केला आणि पुन्हा विचारलं. आजी खाडकन उत्तरल्या. त्यांना ऐकू फार कमी येत होतं आणि वर्षानुवर्षं त्या ओठ बघून बोलणं समजून घेत होत्या. हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं, घरच्यांनाही नाही. सगळ्यांनी मास्क लावल्यावर त्यांच्यासाठी जगाचा आवाजच बंद झाला होता. कानाचं यंत्र आलं आणि आजींचा हट्ट संपला.

चष्म्यावर वाफ येते म्हणून न लावणारे तर शेकड्यांनी. वाफ येते याचा अर्थ मास्कची नाकावरची तार नीट दाबलेली नाही आणि हवा वरून निसटतेय. तार बोटांनी नाकाच्या हाडावर बसवा, चष्मा मास्कच्या कडेवर ठेवा. दोन मिनिटांचं काम, पण दोन वर्षांत किती जणांनी किती जणांना हे दाखवलं? दंड करणारे हजार, तार दाबून देणारा एखादाच.

गुदमरतं म्हणणाऱ्यांची मी थट्टा करत नाही. मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात, घामात, तीन पदरी कापडातून श्वास घेणं त्रासाचंच आहे. ज्यांची फुप्फुसं सिगरेटने किंवा चुलीच्या धुराने निकामी झालीत त्यांना जिना चढताना मास्क खरंच सहन होत नाही. अशा माणसाला ‘बहाणे करू नका’ म्हणणं क्रूरपणा आहे. त्याला गर्दीत न नेणं आणि त्याच्याभोवतीच्यांनी मास्क लावणं हा उपाय. मात्र ‘मास्कने ऑक्सिजन कमी होतो’ हे चूक. ऑक्सिजनचा रेणू त्या छिद्रांपुढे इतका बारीक आहे की त्याला अडथळा जाणवतही नाही. शस्त्रक्रिया करणारे तासन्‌तास मास्क लावून उभे राहतात. गरम, दमट, कोंडल्यासारखं वाटणं खरं. रक्तातला ऑक्सिजन उतरणं खोटं. बोटाला ऑक्सिमीटर लावून मी कितीतरी जणांना हे समोरच दाखवलंय. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीचे पेशंट आले तेव्हा ‘ती मास्कमुळे होते’ हेही फिरलं. आम्ही पाहिलेल्या पेशंटमध्ये कारण उघड होतं: हाताबाहेर गेलेली शुगर आणि वाट्टेल तसं घेतलेलं स्टेरॉइड.

इंजिनियर मंडळींचा एक लाडका मुद्दा असतो: विषाणू इतका बारीक, कापडाची छिद्रं इतकी मोठी, मच्छरदाणीने वाळू अडवण्यासारखं झालं की हे. मुद्दा बिनतोड वाटतो. मी त्यांना रात्री दहाच्या सराफ्यात, इंदूरच्या खाऊबाजारात नेतो, कल्पनेत. भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या गाड्यांमधून तुम्हाला पलीकडे जायचंय. दोन माणसांमधली फट तुमच्यापेक्षा रुंद आहे, तरी कुणाला धक्का न लागता, कुठे न अडकता तुम्ही पार होता का? मास्क चाळणी नाही. त्यात धाग्यांचे थरावर थर असतात, आणि बारीक कण सरळ न जाता वेडावाकडा भरकटत जातो, कुठल्यातरी धाग्याला चिकटतो. चांगल्या मास्कच्या मधल्या थरावर विजेचा भारही असतो, तो कण ओढून घेतो. एन-९५ धुऊन वाळत घालणाऱ्यांनी तो भारच घालवला, हे जाता जाता. शिवाय विषाणू एकटा फिरत नाही, बोलताना-खोकताना उडालेल्या थेंबांवर बसून येतो. थेंब तोंडातून निघतो तेव्हा मोठा असतो, पुढे हवेत सुकून बारीक होतो. म्हणून निघण्याच्या जागीच तो अडवणं सोपं. हे कळलं की ‘मला काही होत नाही, मला गरज नाही’ हे उत्तर बाद होतं, कारण तुमचा मास्क निम्म्याहून जास्त दुसऱ्यासाठी असतो.

अडचण हीसुद्धा आहे की आम्ही डॉक्टरांनीच एकदा उलटं सांगितलं. २०२० च्या मार्चमध्ये मी स्वतः ओळखीच्यांना फोनवर सांगत होतो, ‘निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, रुग्णालयांसाठी राहू द्या.’ त्या वेळी मास्कचा तुटवडा होता, आणि लक्षणं नसलेला माणूसही रोग पसरवतो हे पुरतं उमगलेलं नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्या आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेले मास्क वापरायला सांगितलं, १५ एप्रिलला सार्वजनिक जागी मास्क सक्तीचा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने लोकांसाठीचा आपला सल्ला ५ जूनला बदलला. नवं कळलं की सल्ला बदलायचा, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. पण ‘आधी मी चुकीचं सांगितलं होतं’ हे वाक्य आमच्यापैकी किती जणांनी मोठ्याने उच्चारलं? मीही तेव्हा उच्चारलं नाही. एका जुन्या पेशंटने मला माझंच मार्चमधलं बोलणं ऐकवलं आणि मी विषय बदलला. तो त्यानंतर मास्कबद्दल माझं कधीच ऐकेना. बरोबर होतं त्याचं.

आणि मोठी माणसं. सप्टेंबर २०२० मध्ये मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी इथे इंदूरातच पत्रकारांना सांगितलं की आपण कार्यक्रमांत मास्क लावत नाही. गदारोळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी चूक कबूल केली, यापुढे लावू म्हणाले. कबुली दिली हे चांगलंच. पण ओपीडीत मला पुढचे पंधरा दिवस पहिल्या दिवसाचंच वाक्य ऐकायला मिळालं, दुसऱ्या दिवसाचं कुणी ऐकलेलंच नव्हतं. जगात हे नवं नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोने मास्क सक्तीचा केला, न लावणाऱ्यांना पकडलं, दंड केला. मग एका बॉक्सिंगच्या सामन्यात शहराचे महापौर आणि खुद्द आरोग्य अधिकारी मास्कशिवाय बसलेले फोटोत सापडले. त्यांनाही दंड झाला. जानेवारी १९१९ मध्ये सक्ती पुन्हा आली तेव्हा तिथे मास्कविरोधी संघच उभा राहिला आणि १ फेब्रुवारीला सक्ती मागे घेतली गेली.

सक्तीचा विषय निघालाच आहे तर आपल्या मराठी माणसांच्या आठवणीतली सगळ्यात मोठी साथ-सक्ती पुण्यातली, १८९७ ची. प्लेग. रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरात शिरून देवघरापर्यंत तपासणी करत, माणसं उचलून छावणीत नेत, सामान जाळत. घरं धुणं आणि रोगी वेगळे ठेवणं या गोष्टी वैद्यकदृष्ट्या अगदीच अडाणीपणाच्या नव्हत्या, पण ज्या रीतीने केल्या त्याने लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केलं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. २०२० च्या १ एप्रिलला इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या पथकावर दगड पडले, डॉक्टर बायका जखमी झाल्या, तेव्हा सगळ्या देशाने त्या वस्तीला नावं ठेवली. दगडफेकीचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या भीतीची जात मला ओळखीची वाटली: आपल्या माणसाला उचलून नेतील, आणि परत दिसेल की नाही कोण जाणे. त्या डॉक्टर दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामावर गेल्या. त्यानंतरच्या महिन्यांत त्या भागात तपासणी झाली ती बाहेरून आणलेल्या बंदोबस्तापेक्षा वस्तीतल्याच ओळखीच्या तोंडांमुळे जास्त, असं तिथे काम करणाऱ्यांकडून मी ऐकलंय.

याच्या उलटं उदाहरणही आपल्याच गावचं आहे आणि ते आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९१७ साल. तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदूरचा आराखडा करायला बोलावलं होतं. शहरात प्लेगची दहशत होती. गेडिसने दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यांनी न जाता ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ असतील तिथून जाईल. झालं! गल्लीगल्लीत झाडू फिरले, घरं रंगली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि या सगळ्यांबरोबर मानाने चालत होते ते पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले, फुलं माळलेले सफाई कामगार. राक्षस आणि उंदीर शेवटी जाळले. लोकांना तुळशीची रोपं वाटली. गेडिसचा इंदूरवरचा अहवाल १९१८ मध्ये दोन भागांत छापला गेला. पुण्यात सोजीर घरात घुसले तेव्हा लोकांनी दारं लावली. इंदूरात मिरवणूक दारावरून जावी म्हणून लोकांनी स्वतःच अंगण झाडलं. रोग तोच, मधे वीस वर्षं.

आपण इंदूरकर मुळात मिरवणुकीची माणसं. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी थाळ्या वाजवायला लोक राजवाड्यावर गर्दी करून जमले, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, दोन वर्षं बंद राहिली तर शहर आजारी पडल्यासारखं वाटलं. या उत्साहाला चालान फाडून गप्प करता येत नाही. त्याला वाट द्यावी लागते.

“पण मास्कचा खरंच उपयोग झाला का, काही संशोधनं तर नाही म्हणतात,” असं काका म्हणतील. म्हणू द्या, आणि खरं सांगा. डेन्मार्कमध्ये २०२० साली केलेल्या प्रयोगात मास्क लावणाऱ्याचा स्वतःचा बचाव होतो असं नक्की सिद्ध झालं नाही. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या कॉक्रन या संस्थेच्या एका मोठ्या आढाव्याने, लोकांना मास्क लावायला सांगण्याच्या मोहिमांनी फारसा फरक पडल्याचं दिसत नाही, असं म्हटलं. त्याचा ‘मास्क निरुपयोगी’ असा अर्थ काढू नये, हे त्याच संस्थेच्या मुख्य संपादकांना नंतर स्पष्ट करावं लागलं. सांगूनही लोक लावत नाहीत आणि लावला तर उपयोग होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मंडळाचा प्रश्न पहिला आहे.

त्या पहिल्या प्रश्नावर सगळ्यात कामाचा प्रयोग मला बांगलादेशातला वाटतो. सहाशे गावं, ३ लाख ४० हजारांवर प्रौढ माणसं. निम्म्या गावांत घरोघरी मास्क फुकट वाटले, मशिदींत आणि बाजारांत वाटले, इमामांनी आणि शाकिब अल हसनसारख्या क्रिकेटपटूने व्हिडिओतून सांगितलं. आणि मुख्य म्हणजे गावात फिरणारी माणसं नेमली, ज्यांचं काम एवढंच: मास्क नसलेला दिसला की नम्रपणे थांबवायचं आणि हातात मास्क द्यायचा. दंड नाही. नीट मास्क लावणारे शंभरात १३ होते ते ४२ झाले. गावाला बक्षीस, मोबाइलवर संदेश, दारावर पाटी यांचा वेगळा काही उपयोग झाला नाही. माणसाने माणसाला टोकणं चाललं. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह कोरोना झालेल्यांचं प्रमाण साधारण अकरा टक्क्यांनी कमी झालं, साठीच्या पुढच्यांत ती घट पस्तीस टक्क्यांच्या आसपास होती. कापडी मास्कचा फायदा तितका ठळक दिसला नाही. लक्षात घ्या, अर्ध्याहून जास्त लोक तेव्हाही लावत नव्हतेच.

गंमत म्हणजे आपल्या राज्याने मोहीम काढली तिचं नाव ‘रोको-टोको’ होतं. नाव अगदी योग्य होतं. रस्त्यावर मात्र बहुतेक वेळा त्यातला ‘टोको’ गळाला आणि चालान उरलं. एप्रिल २०२१ मध्ये मास्क नाकाखाली घसरलेल्या एका रिक्षावाल्याला दोन पोलीस इंदूरच्या रस्त्यावर मारताना सगळ्या देशाने व्हिडिओत पाहिलं. त्यांना निलंबित केलं गेलं. त्या व्हिडिओनंतर कुणी मास्क जास्त प्रेमाने लावला असेल असं मला वाटत नाही.

सक्ती कुठेच नको असं माझं म्हणणं नाही. माझ्या ओपीडीत मास्कशिवाय प्रवेश नव्हता आणि पुढेही साथीत नसेल, कारण तिथे केमोथेरपी घेणारा माणूस बाकावर बसलेला असतो. पण तिथे मास्कची पेटी दारातच असायची. नियम कठोर, वस्तू हाताशी.

आता तुमचं मंडळ. बंद हॉल सोडा. गच्ची, अंगण, शाळेचं पटांगण, काहीही. जानेवारीत थंडी वाजेल, शाली आणा म्हणावं. हॉलच घ्यावा लागला तर खिडक्या-दारं सताड उघडी, पंखे बाहेरच्या दिशेने, आणि कार्यक्रम दीड तासात आटोपता. गाणं ठेवू नका हे सांगायला मला जड जातं, पण साथ जोरात असताना बंद खोलीत समूहगान नको. खाण्याची पाकिटं घरी न्यायला द्या. पोहे-जिलेबीच्या वेळी मास्क उतरतो आणि मग चढत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नका, त्यांच्याबद्दल आपल्याकडचा सरकारी सल्लाही तसाच होता.

दारात पाटीऐवजी माणूस, आणि तो तरुण स्वयंसेवक नको. पंचवीस वर्षांच्या मुलाने सत्तरीच्या माणसाला अडवलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंय. एखाद्या काकूंनी तिळगुळाच्या ताटात मास्क ठेवून “आधी हा घ्या, मग तिळगूळ” म्हणावं. कुणी नाही म्हटलं तर वाद घालायचा नाही, कारणही विचारायचं नाही: त्यांच्यासाठी दाराजवळ, सगळ्यात मोकळ्या हवेत दोन खुर्च्या आधीच मांडलेल्या हव्यात, आणि त्या शिक्षेच्या वाटू नयेत म्हणून कार्यकारिणीतलं कुणीतरी स्वतः त्यातल्या एका खुर्चीवर बसावं.

आणि काका. साथ येण्याची वाट बघू नका, आत्ताच जा. मास्कचा विषय काढू नका. मंडळाची सुरुवात कशी झाली ते विचारा, ऐका, चहा घ्या. पुढच्या कार्यक्रमाला दारात उभं राहून सगळ्यांचं स्वागत तुम्हीच करा अशी विनंती करा, साथ नसतानाच. वर्षभर दारात काका उभे राहिले की साथ येईल त्या दिवशी ताट कुणाच्या हातात असेल ते तुम्हाला ठरवावंच लागणार नाही. ते तेव्हाही नाही म्हणाले, तर दोन खुर्च्या आहेतच. दुसऱ्या घराचं मी काही सांगू शकत नाही, तिथे बहुधा आधीचंही काही असणार.

मंडळाच्या कपाटात २०२१ चे उरलेले मास्क असतील तर एक काढून कानाला लावून बघा. इलॅस्टिक सैल पडलं असेल तर ते गठ्ठे टाकून द्या आणि तीन पदरी सर्जिकलची नवी पेटी आणून ठेवा, नाकावर तार असलेली.